भीमेवरची हिरवी साय

मायाक्काच्या तोंडाला कोणी लागत नसे. नवरा गेल्यावर ती धाकट्या दिराच्या, बिरप्पाच्या धनगरवाड्यावर राहिली, पण निमूट ऐकून घेणं तिला कधी जमलं नाही. कळपातली सत्तर मेंढरं तिच्याच हाताखाली वाढलेली. मेंढरं भीमेच्या पाण्यावर नेली की आधी ती स्वतः वाकायची, ओंजळभर पाणी बोटांत चोळायची, हुंगायची, जिभेला लावायची आणि मगच शीळ घालायची. शीळ वाजेपर्यंत एकही मेंढी पाण्यात तोंड घालत नसे. बाईमाणसानं शीळ घालू नये, हे बिरप्पानं शंभरदा सांगून पाहिलं होतं. ती आणखी जोरात घालायची.

नदी तिला पाठ होती. आषाढात तांबडी, कार्तिकात नितळ, चैत्रात दगडांवर तपकिरी बुळबुळीत थर धरलेली. तो थर मासे चाटून खायचे आणि पाणी गोड राहायचं. पाण्यात डोळ्याला न दिसणारं हिरवं-तपकिरी काय काय जगत असतं आणि नदी त्याच्यावर कशी पोसते, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पण त्यात जरा फरक पडला की तिच्या जिभेला आधी कळायचं.

मग वर कुठंतरी धरण झालं. बांधणाऱ्यांनी खालच्या लोकांना विचारलं नाही, मेंढरांना तर कोण विचारतो! पूर अडला, दगड धुऊन निघेनात. पाऊसही लहरी झाला. एका साली सगळा चार दिवसांत ओतला, पुढच्या साली ढग नुसते तोंड दाखवून गेले. दगडांवरचा तपकिरी थर गेला, मासे घटले. एकोणीसशे एकतीसच्या वैशाखात धार तुटली आणि तापलेल्या डोहावर हिरवी साय धरली, रंगाऱ्याच्या डब्यातल्या रंगासारखी दाट.

"ह्ये पाणी न्हाय पाजायचं," मायाक्का थुंकून म्हणाली. "जिबंला टोचतंय. खाली वाळू उकरून झिरा काढू."

"दोन कोस कोण चालंल, वैनी? आजा-पणजापासनं हितंच पाजतोय की."

आणि पाजलंही त्यांच्या वाड्याच्या रीतीनं. मेंढरं तोंडावर वारं घेऊन पाण्याला लावायची, म्हणजे पलीकडून लांडगा आला तर त्यांना वास लागतो. वाहत्या नदीला ती रीत ठीक होती. साचलेल्या डोहात मात्र वारं सगळी साय ढकलून नेमकी त्याच काठाला आणून लावतं. बिरप्पानं शीळ घातली. मेंढ्या घुटमळल्या, तशा त्यानं काठीनं पुढं ढकलल्या. दुपार कलायच्या आत एकतीस मेंढ्या थरथरत, पाय झाडत मेल्या. त्यांत मोरी नावाची गाभण मेंढीही होती. मायाक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन बिरप्पाला शिव्या घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी गुरांचा डॉक्टर आला. नाकाला रुमाल लावून लांबूनच म्हणाला, "साथ आहे. वाहत्या पाण्याला दोष देऊ नका, बाई."

"वाहतंय कुटं?" मायाक्का कडाडली. "ह्या डोळ्यांनी बगा की, सायेब! कुटं वाहतंय?"

डॉक्टर कागदावर साथ लिहून निघून गेला. बिरप्पानं तेवढ्यात गावभर करून टाकलं, की हिच्याच तोंडचा अपशकुन भोवला. अशा माणसाला काय म्हणावं! चूक स्वतःची आणि खापर विधवेच्या डोक्यावर.

त्या संध्याकाळी ती रागारागानं डोहाला पूर्ण वळसा घालून आली. पलीकडचा काठ स्वच्छ होता. तिनं तिथलं पाणी जिभेला लावलं, टोचलं नाही. पदर उडत होता अलीकडच्या काठाकडं, आणि साय सगळी तिकडंच जमली होती. तिला कळायचं ते कळलं.

सकाळी बिरप्पा उरलेली एकोणचाळीस घेऊन पुन्हा त्याच काठाला निघाला. त्याचं म्हणणं, सायबानंच सांगितलंय, पाणी चांगलं हाय म्हणून! मायाक्का आडवी आली. त्यानं काठी उगारली.

"मार," ती म्हणाली. "पर आता एक बी मरू द्याची न्हाय मी."

त्यानं तिला बाजूला लोटून पाडलं. ती उठली, वरच्या उतारानं धावत पलीकडं गेली, नदीकडं तोंड करून उभी राहिली आणि जीव खाऊन शीळ घातली. पाण्याशी पोचलेल्या मेंढ्यांनी माना वर केल्या. मग सगळा कळप वळला आणि बिरप्पाच्या पायांतून, काठीखालून उताराकडं पळत सुटला. पलीकडच्या काठाला, पाठीवर वारं घेऊन एकोणचाळीस मेंढ्या पोटभर प्याल्या. एकही मेली नाही.

चार वर्षांनी मोहोळच्या बाजारात बिरप्पा इतर मेंढक्यांना शहाणपण सांगत होता. "साचल्या पाण्यावर वारं पाठीला घ्याचं. वारं फिरलं की काठ बदलायचा. आमच्या वाड्याची जुनी रीत हाय."

शेजारी लोकर विकत बसलेली मायाक्का ताडकन उठली.

"जुनी? किती जुनी रं?"

मायाक्का एकेक बोट मोडत, भर बाजारात, मोठ्यानं नावं घेऊ लागली. काळी. बांडी. फुटक्या कानाची. लंगडी. चांदी. कवळी. तिची दोन्ही कोकरं. माणसं गोळा झाली, लोकरीची गिऱ्हाइकं थांबली, बिरप्पा मान खाली घालून उभा राहिला, पण ती थांबली नाही. एकतिसावं नाव गाभण मोरीचं होतं.

"इतकी जुनी," ती म्हणाली.