दाजींचा समुद्र

ज्या गावातून समुद्र बघायचा तर रात्रभर एसटीत बसावं लागतं, त्या वसमतमध्ये समुद्राची काळजी वाहणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. दाजी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि घरी बैठकीतल्या कॉम्प्युटरवर समुद्र भरायचे. नद्या गाळ आणतात, तो थरावर थर बसतो, वजनानं तळ खचतो, पुन्हा गाळ येतो. कोट्यवधी वर्षांचा हा कारभार पिवळ्या-तपकिरी रेघांनी दाखवणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला होता. सकाळी लावला की तो दिवेलागणीला कुठं पुरा व्हायचा, आणि मधे लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत दाजी भरल्या ताटावरून ओरडायचे, "गेली! तीन कोटी वर्षं गेली!" बहीण शांतपणे भाकरी वाढायची. एकदा शिरड शहापूरचा एक शेतकरी बोअर कुठं मारू, हे विचारायला आला. "तुमच्या रानाखाली काळा कातळ हाय, हा समुद्र तिथला न्हाई," दाजी म्हणाले. "मग दुसऱ्याचा समुद्र काहून भरून राहिले, सर?" दाजींना भयंकर राग आला, पण चहा पाजल्याशिवाय त्यांनी त्याला सोडलं नाही.

भाचीला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी प्रोग्रॅम कधी नव्हे तो शेवटाला आला होता, आणि लाईट गेली. नुकत्याच घेतलेल्या इन्व्हर्टरवर एक तर पंखा चालायचा, नाहीतर कॉम्प्युटर. पाहुणे घामानं निथळत होते, बहीण दाजींकडे नुसती बघत होती. दाजी उठले आणि कॉम्प्युटर बंद करायला त्यांनी हात पुढं केला. तेवढ्यात पोहे घेऊन आलेली भाची म्हणाली, "बाबा, ऱ्हाऊ द्या. पंखा बंदच असू द्या. पाहुण्यांना मी लिंबाखाली बसवते."

सोयरीक मोडली, असंच मी धरून चाललो. पाहुणे लिंबाखाली पोहे खात बसले. थोड्या वेळानं दाजी दारात आले आणि म्हणाले, "भरला."

"काय भरलं?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"समुद्र."

"बरं झालं," ते गंभीरपणे म्हणाले आणि सगळ्यांना घेऊन आत बघायला गेले. मुलगा एकेका थराबद्दल विचारत होता, आणि दाजींनी तोंड उघडायच्या आत भाची उत्तर देत होती. निघताना वडील म्हणाले, "बापाला एवढं जपती, आमालाबी जपंल. आमाला पोरगी पसंत हाय."

भाची कळमनुरीला नांदायला गेली. पुढं नवा कॉम्प्युटर आला आणि त्यावर तोच समुद्र चहा निवायच्या आत भरायला लागला. दाजी पडद्याकडे बघत बसले.

"लई लवकर झालं सगळं," ते म्हणाले.

बहिणीनं चहाची कपबशी उचलली. "उद्या जाऊन भेटून या तिला," ती म्हणाली.