भरल्या गाडीचा उजवा दिवा

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका पिकअपच्या उजव्या दिव्याचं प्रकरण मात्र रोज आठवतं, कारण त्यात माझं स्वतःचं वागणं धड नव्हतं. नावं कुणाचीच घेणार नाही.

तेव्हा मी भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात उपनिरीक्षक होतो. थेट परीक्षा देऊन आलेला, कडक इस्त्रीचा, आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. ठाण्यात एक जुने हवालदार होते, उत्रोलीकडचे. सगळा भाग त्यांना नाना म्हणायचा. तक्रारदार दारातून आत यायचा, माझ्या टेबलासमोरून जायचा, मला उभ्या उभ्या नमस्कार ठोकायचा आणि विचारायचा, "नाना हाईत का?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. दोन स्टार माझ्या खांद्यावर, आणि माणसं मन मोकळं करणार ते यांच्यापाशी! आडवळणानं कशाला सांगू, मी त्या माणसावर जळत होतो.

थंडीचे दिवस होते. सकाळी सहाच्या सुमाराला वेल्ह्याकडच्या एका अरुंद मोरीवर अपघात झाल्याची वर्दी आली. दुधाचे कॅन भरलेली पिकअप उतारानं येत होती. समोरून मोटारसायकलवर एक शाळामास्तर, भोरचे, सकाळच्या शाळेला निघालेले. मास्तर मोटारसायकलसकट ओढ्यात पडले होते. पाय दोन ठिकाणी मोडला. पिकअपचा चालक तिशीच्या आतला होता. त्यानंच ओढ्यात उतरून मास्तरांना वर काढलं, त्यांना रुग्णालयात पोचवलं आणि मग स्वतः ठाण्यात येऊन उभा राहिला.

त्या रस्त्याचा एक अलिखित कायदा आहे. मोरीवरून एका वेळी एकच गाडी जाते. समोरच्यानं थांबून दोनदा डिपर मारला, की "तुम्ही या" असं समजायचं. मास्तरांनी खाटेवरून जबाब दिला, "त्याचा उजवा दिवा थेट डोळ्यात येत होता, गाडी उभी की चालती काही कळेना. त्यानं दोनदा डिपर दिला, म्हणून मी मोरीवर आलो. तर हा अंगावरच!" चालक म्हणाला, "साहेब, देवाशपथ सांगतो, म्या डिपर मारलाच न्हाई. मास्तर थांबत्याल असंच वाटलं मला."

दोघांतला एक खोटं बोलतोय, असं मी धरून चाललो. जबाब लिहून झाल्यावर नाना हळूच म्हणाले, "साहेब, मास्तर बी खोटं बोलत न्हाईत, आन् ह्यो गडी बी. गाडीलाच काय झालंय ते बघाया पायजे."

मी म्हणालो, "ते आरटीओ बघतील."

आरटीओचे निरीक्षक आले. त्यांनी गाडी ठाण्याच्या आवारात उभी करून तपासली. ब्रेक ठीक, दिवे लागतात, प्रकाश जरासा वर पडतो, पण फार नाही. नाना पुन्हा माझ्या टेबलाशी आले. "गाडी रिकामी व्हती की ओ. मागं वजन पडलं की तोंड वर हुतं. एकदा भरून बघू." सूचना शंभर टक्के बरोबर होती. आणि ती त्यांची होती, म्हणून मला नको होती. "नाना, तुम्ही आता आरटीओत बदली मागा," असं मी चारचौघांत बोललो. पोरं हसली. नाना गेले आपलं मस्टर लिहायला.

त्याच दिवशी दुपारी माझ्या मोबाईलवर फोन आला. माझ्या, नानांच्या नव्हे! एक दबका आवाज म्हणाला, "साहेब, त्या पिकअपचा उजवा दिवा आठ दिस झालं फडफडतोय. गाडी भरली की फडफडतो. त्याला ठावं हाय. सारोळ्याच्या गॅरेजवाल्याला इचारा." आणि फोन बंद. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! या भागात अखेर कुणीतरी मला खबर दिली होती. मी ती जशीच्या तशी डायरीत टिपली आणि नानांना अवाक्षर सांगितलं नाही. खबऱ्या गुप्त ठेवायचा असतो, अशी मनाची समजूत घातली.

सारोळ्याला एकटाच गेलो. गॅरेजवाला मिस्त्री सरळ माणूस होता. "व्हय, आली व्हती गाडी. लाईट फडफडतोय म्हणला. म्या बल्ब बदलला, होल्डर बघितला, बॅटरीची टर्मिनलं घासली, चार्जिंग तपासलं. माझ्यापुढं एकदा बी फडफडला न्हाई. म्हणलं, परत झालं तर ये." चालकाला विचारलं, तर त्यानंही कबूल केलं. "कवामवा व्हायचं. का हुतंय तेच कळंना. दादाला इचारलं, तर दादा म्हणला, नवा बल्ब सुरवातीला करतोच तसं, परत गॅरेजला कशाला जातूस." दादा म्हणजे त्याचा थोरला सख्खा भाऊ, तोही पिकअपवालाच.

माझ्या लेखी प्रकरण संपलं. दिवा खराब आहे हे माहीत असून गाडी रस्त्यावर आणली, म्हणजे निष्काळजीपणा. गाडी जप्त करून मी आवारात लावून ठेवली. तो रोज यायचा आणि बाहेरच्या बाकावर बसायचा. त्याचं सगळं त्या दुधाच्या फेरीवर होतं. डेअरीच्या अध्यक्षांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं: दूध थांबत नाही, पाच दिवस वाट बघतो, तोवर तुझा दोष नसल्याचं पोलिसांनी सांगितलं आणि गाडी सुटली तर फेरी तुझी, नाहीतर वर्षासाठी दुसऱ्याला. हे मला माहीत होतं. तरी मी पाच दिवस त्या गाडीला हात लावला नाही.

सहाव्या दिवशी तो आला आणि बाकावर न बसता सरळ माझ्यासमोर उभा राहिला. "साहेब, फेरी गेली. दुसऱ्या गावच्या गाडीला दिली." रडला नाही. नुसता म्हणाला, "मास्तरांचा पाय माझ्यानं मोडला असंल, तर म्या परत स्टेअरिंगला हात लावनार न्हाई. पण माझ्यानं मोडला का, तेवढं तरी मला कळू द्या." तो गेल्यावर नाना दारात आले. "साहेब, आता तरी." मी होकाराची मान हलवली. नाही म्हणायला तोंड कुठं होतं मला?

दिवेलागणीला आम्ही गाडी सपाट जागी, आवाराच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी केली. नानांनी दिव्याची उंची मोजून भिंतीवर खडूनं आडवी रेघ मारली. रिकाम्या गाडीचा उजवा झोत रेघेच्या थोडा वर, डावा खाली. मग पाण्यानं भरलेले कॅन मागं चढवले. वजन कमी पडलं तेव्हा नानांनी ठाण्यातले जाडजूड शिपाई निवडून वर बसवले. "इतकी वर्सं खाल्लेलं आज कामाला आलं बघा," असं ते म्हणाले आणि मीसुद्धा हसलो. गाडीचं मागचं अंग खाली बसलं, तोंड उचललं, आणि उजव्या दिव्याचा झोत भिंत ओलांडून पलीकडच्या आंब्यावर गेला. डावा खालून वर आला तो रेघेपाशीच थांबला. "उड्या मारा रे," नाना ओरडले. शिपायांनी उड्या मारल्या तसा उजवा दिवा विझला, लागला, विझला, लागला.

"डिपर!" एक शिपाई वरूनच ओरडला.

नानांनी बोनेट उघडून टॉर्च आत मारला. उजव्या दिव्याचा झोत वर-खाली करायचा स्क्रू फिरवलेला, त्यावर ताजे ओरखडे. अर्थिंगची वायर नको तितकी ताणून बांधलेली, नट अर्धा सैल, आणि त्याखाली सायकलच्या ट्यूबची कापलेली चकती. रबरातून करंट कसा जाणार? वायरीचं टोक कडेनं पत्र्याला जेमतेम टेकत होतं, तेवढ्यावरच दिवा लागायचा. भरलेली गाडी हादरली की वायर ओढली जायची आणि दिवा जायचा. रिकाम्या गाडीत काही नाही. मिस्त्रीपुढं दिवा का फडफडला नाही, ते आता कळलं.

आणि त्याच क्षणी मला फोन आठवला. गाडी भरली की फडफडतो. चालकाला हे माहीत नव्हतं, मिस्त्रीला नव्हतं, आरटीओला नव्हतं. फोन करणाऱ्याला होतं! मी नानांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कवा आला व्हता फोन?"

"पहिल्याच दिवशी."

 नाना म्हणाले, "बरं. नंबर द्या, साहेब."

नंबर निघाला चालकाच्या थोरल्या भावजयीचा. बाईला फोनबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही थोरल्याला आणला.

चौकशीत तो तासभर भावाचं कौतुक करत होता. माझा अनुभव सांगतो, पोटात दुखत असलेला माणूस ज्याच्यावर जळतो त्याचं नाव तोंडातून काढत नाही. हा भावाला "तुमचा त्यो डायवर" म्हणत होता. दरडावून झालं, चकती समोर ठेवून झालं. तो ढिम्म हलेना. शेवटी मी खुर्ची पुढं ओढली. नाना कोपऱ्यात बसून जबाब लिहीत होते. मी म्हणालो, "या नानांकडं बघ. या ठाण्यात जो येतो तो मला ओलांडून यांच्याकडं जातो. मला रात्री झोप लागत नाही. यांचं काहीतरी चुकावं असं रोज वाटतं मला. तुला काय वाटतं ते मला सांगायची लाज बाळगू नकोस."

नानांचं पेन थांबलं. थोरल्याचा बांध फुटला.

"म्या शिकीवली त्याला गाडी. फेरी माझी व्हती, साहेब, आठ वर्सं माझी! चार येळा गाडी बंद पडली, तर डेअरीवाल्यांनी काढून ह्याला दिली. आता बाया कॅन घिऊन उभ्या ऱ्हात्यात आन् मलाच इचारत्यात, धाकटा आला का? घरात बायको बी म्हणती, भावजींची गाडी कशी येळंवर असती. माझ्याच घरात! मला वाटलं, दिवा बिघडला की फेऱ्या चुकत्याल, मग डेअरी मलाच बोलवंल. मास्तर पडत्याल असं मनात बी नव्हतं."

"आणि मला फोन का केलास?"

"तुमी त्याला सोडचाल असं वाटलं."

त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, धाकट्याचं नाव मोकळं झालं, गाडी सुटली. मास्तर चार महिन्यांनी चालायला लागले. त्याचा दोष नसल्याचं पत्र घेऊन मी स्वतः डेअरीत गेलो. अध्यक्ष म्हणाले, "साहेब, हेच पत्र पाच दिवसांत आणलं असतं, तर फेरी त्याचीच व्हती. आता वर्साचा शब्द दिलाय."

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. हेवा माणसाला आंधळा करतो, हे पुस्तकी झालं. मी पाहिलं ते असं, की हेवा करणाऱ्याला सगळं लख्ख दिसत असतं. थोरल्याला भावाच्या गाडीतला नटन् नट दिसत होता. मलाही नानांचं बरोबर आहे हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पाहिलेलं मान्य करणं तेवढं जमत नाही.

गाडी सुटली त्या दिवशी धाकटा ठाण्यात आला. मला ओलांडून नानांकडं गेला नाही, माझ्याच पाया पडला. "तुमच्यामुळं सुटलो, साहेब." नाना शेजारीच उभे होते. त्यांनी त्याला उठवलं आणि म्हणाले, "व्हय रं, साहेबांनी लई जीव लावून तपास केला."  मी नमस्कार घेतला, आणि तो पायऱ्या उतरून गेला.

नाना आता नाहीत. धाकटा कुठंतरी गाडी चालवत असेल. बाबा रे, तुझ्यापर्यंत हे पोचलं तर ऐक: तुझ्या भावाचा फोन मला पहिल्याच दिवशी आला होता. तुझा दिवा त्यानं बिघडवला. तुझी फेरी मी घालवली.