घटपर्णीचा खड्डा

नोकरीत हाताळलेली कित्येक प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वेगळं राहिलं. चामराजपेटेतल्या त्या घराचं परसू, खड्ड्यावरची ओली पोती आणि खाली उतरताना पायांना लागलेला गारवा मला अजून जसाच्या तसा आठवतो.

मी मूळचा बेळगावकडचा. राज्यांची फेररचना झाली, आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि पुढे माझी बदली बंगळूरला झाली. हुद्दा सब-इन्स्पेक्टरचा, पण तिथली मराठी माणसं मला फौजदारच म्हणत. साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं.

एप्रिलमधल्या एका सकाळी हजेरी आटोपल्यावर आमचे दफेदार, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, टेबलापाशी येऊन उभे राहिले. बाजारात भाजी घेताना त्यांच्या कानावर काहीतरी आलं होतं.

"सार, मागच्या गल्लीत एक पुण्याकडचा माणूस राहतो. कारखान्यात नकाशे काढतो. त्याची बायको बरेच दिवस कुणाला दिसली नाही. परसात त्यानं मोठा खड्डा केलाय. रोज संध्याकाळी कंदील घेऊन आत उतरतो. वास येतो म्हणे."

"खड्ड्यात काय आहे?"

"लोक म्हणतात, मांस खाणारी झाडं."

मी हसलो. दफेदार हसले नाहीत. बाजारातली दहापैकी नऊ बोलणी पोकळ असतात, पण दहावं कोणतं ते आधी कळत नाही, म्हणून मी साध्या वेशातला एक शिपाई गल्लीत फिरून यायला पाठवला. तो परत येण्याआधीच त्या बाईचा थोरला भाऊ ठाण्यात हजर झाला.

हे चिकपेटेतले जुने कापडवाले. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि एका दमात बोलले, "सार, माझी तंगी, माझी धाकटी बहीण, नाहीशी झाली. जावयाला विचारलं तर पुण्याला त्याच्या बहिणीकडे गेली म्हणाला. मी तिथं तार केली. ती तिथं गेलीच नाही. मग हा खोटं का बोलला? त्या खड्ड्यातच आहे ती. तुम्ही खणा."

मी त्यांची जबानी घेतली, बेपत्ता व्यक्तीची नोंद केली आणि नवऱ्याला बोलावून घेतलं.

तो आला तो कारखान्यातून थेट, खिशाला पेन्सिली तशाच. किडकिडीत, चष्मा लावणारा. त्याच्यासाठी मी कॉफी मागवली. समोरच्याला दोन्ही हातांनी कप धरावा लागला की त्याचे हात आपल्याला नीट पाहता येतात. याच्या बोटांना पेन्सिलीचं काळं होतं आणि नखांत माती.

"पत्नी कुठे आहे?"

"गावाला गेलीय."

"कुठल्या? मेव्हण्यांना तुम्ही पुणं सांगितलंत."

"ते खोटं सांगितलं."

"मग खरं सांगा."

"ते मला सांगता येणार नाही, साहेब."

मी तोच प्रश्न चार बाजूंनी फिरवून विचारला. मारहाण नाही, दमदाटी नाही. फक्त त्याला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही. तो तेच उत्तर देत राहिला. शेवटी मी म्हणालो, "ठीक आहे. आम्ही तुमचं परसू खणणार."

तो ताडकन उठला. "खणा. पण ऊन उतरल्यावर खणा. आता भर दुपारी पोती काढलीत तर सगळी मरतील!"

दफेदारांनी माझ्याकडे पाहिलं. वेळ काढू पाहणारा गुन्हेगार हेच म्हणाला असता. मी त्याला घेऊन लगेच निघालो.

आम्ही पोचलो तेव्हा दारात गल्ली गोळा झाली होती. मेव्हणे सगळ्यांत पुढे. कुणीतरी कन्नडमध्ये ओरडलं, "घरच पेटवा!" दोन शिपाई दाराशी उभे केले, शेजारचे दोन पंच घेतले आणि मेव्हण्यांसकट परसात गेलो. कौलांच्या पडवीला लागून कमरेइतका खोल, खाटेएवढा खड्डा होता. वर बांबूचा तट्टा, त्यावर भिजवलेली पोती. पोती सरकवली तसा कुजका, आंबूस वास आला. मेव्हण्यांनी टोपी काढून तोंडावर धरली.

मी खाली उतरलो. बाहेर घाम फुटत होता आणि आत अंगावर काटा यावा असा गारवा. भिंतींना विटा लावलेल्या, फळ्यांवर कुंड्या, कुंड्यांत शेवाळ. आणि ती झाडं! प्रत्येक पानाचं टोक दोरीसारखं लांबलेलं आणि त्या दोरीला एकेक घडा टांगलेला. हिरवा, कडेला तांबूस, वर झाकण. एका घड्यात डोकावलो तर तळाच्या पाण्यात माश्या, मुंग्या, एक झुरळ, सगळं अर्धवट विरघळलेलं. वास त्याचाच होता. एका परळात बारकी रोपं होती, त्यांच्या पानांवर दवासारखे चिकट थेंब आणि त्यांत अडकलेली चिलटं. मांस खाणारी झाडं ती हीच. याहून मोठं काही त्यांना पचलं नसतं.

तरीही काम पुरं करणं भाग होतं. कुंड्या वर काढल्या, तळाच्या विटा उचलल्या, पहारीनं ठिकठिकाणी टोचून पाहिलं. खाली घट्ट, न हललेली तांबडी माती. परसातली बाकीची जमीनही तशीच. पंचांनी पंचनाम्यावर सह्या केल्या.

"मग कुठं नेऊन टाकलंस तिला?" मेव्हणे ओरडले.

तेवढ्यात कुंडी परत ठेवणाऱ्या शिपायाचा धक्का लागला आणि सर्वांत मोठा घडा तुटून पडला. इतका वेळ खांबासारखा उभा असलेला नवरा धावत आला. तुकडा हातात घेऊन रडवेल्या आवाजात म्हणाला, "हाच का पाडलात हो! एक झाड तर मी आधीच वाळवलंय. आता ती आल्यावर मी काय तोंड दाखवू?"

 कपाळावर खुनाचा संशय, दारात जमाव, आणि या माणसाला धास्ती कशाची, तर बायको परत आल्यावर रागावेल याची. मेलेल्या माणसाच्या रागाला कुणी भीत नाही. ही भीती सोंगातली नव्हती. सोंग करणाऱ्याला घडा सुचला नसता.

मी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"तुम्ही तिला काही केलं नाहीत, हे मला पटलंय. आता एकच सांगा. ती यायची कधी होती?"

त्याचा चेहरा उतरला. "मागच्या आठवड्यात," तो हळूच म्हणाला. एवढे दिवस त्यालाही तीच काळजी पोखरत होती. "साहेब, तिनं शपथ घातलीय. अण्णाला, म्हणजे तिच्या भावाला, कळू द्यायचं नाही म्हणून."

"ती कुठं अडकली असली, आजारी असली, तर ती शपथ कुणाच्या उपयोगाची?"

मग त्यानं सगळं सांगितलं. झाडं त्याची नव्हतीच, तिची होती. शाळेत असताना वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी तिला हा नाद लावला. पुढे कॉलेजात तोच विषय घ्यायचा होता, पण भावानं शिक्षण थांबवून लग्न लावून दिलं. निवृत्त झाल्यावर बाई शिलाँगला राहायला गेल्या. तिकडच्या डोंगरातल्या या घटपर्णीची, म्हणजे घडेवाल्या झाडाची, रोपं त्यांनीच हिला पाठवली. बंगळूरचा उन्हाळा रोपांना सोसवेना, म्हणून नवऱ्यानं नकाशा काढून हा खड्डा बांधून दिला.

"पण मग ती स्वतः का गेली?"

तो लाजला. "या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. आमच्याकडे सगळ्या माद्याच निघाल्या. बी धरेना. ती म्हणाली, एकदा त्यांचा डोंगर बघते आणि नर घेऊन येते." कलकत्त्यापर्यंत कारखान्यातल्या एका बंगाली कुटुंबाची सोबत होती, पुढे शाळेच्या बाई घ्यायला येणार होत्या. पोचल्याची तार कारखान्याच्या पत्त्यावर आली. मेव्हण्यांच्या हाती लागू नये म्हणून त्यानं ती फाडून टाकली. त्यानंतर काहीच नाही.

बाहेर येऊन मी लोकांना सांगितलं की इथं खून झालेला नाही, घरी जा. मेव्हण्यांना ठाण्यात आणून सगळं ऐकवलं. ते चिडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "मग ती बोलत का नाही? तार का नाही?"  कंट्रोल रूमवरून वायरलेसनं शिलाँग पोलिसांना संदेश पाठवला. मेव्हणा आणि जावई दोघंही ठाण्यातल्या एकाच बाकावर दोन टोकांना बसून राहिले. घरी जा म्हटलं तरी दोघंही उठेनात. सकाळी पाहिलं तर मेव्हण्यांनी घरून आलेल्या डब्यातली इडली जावयापुढे सरकवली होती.

दुपारी उत्तर आलं. बेपत्ता बाई जिवंत. नर झाडाची फांदी काढताना उतारावर पाय घसरला, नडगीचं हाड मोडलं. मिशनच्या दवाखान्यात प्लास्टर घालून आहेत, प्रकृती ठीक. त्यांनी अपघाताची तार केली होती. ती कुठं गडप झाली, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मी कागद मोठ्यानं वाचला. नवऱ्यानं चष्मा काढला आणि तो डोळे पुसत बसला. मेव्हणे मात्र भर ठाण्यात हुंदके देऊन रडले. बहिणीला शिकू न देणारा तोच भाऊ, आणि तिच्यासाठी गल्ली उठवणाराही तोच. माणसं अशी एका कापडाची नसतात, हे कापडवाल्यालाच पाहून मला नीट कळलं. त्याच संध्याकाळच्या गाडीनं दोघं मिळून तिला आणायला निघाले. मद्रासपर्यंतची तिकिटं दफेदारांनी खटपट करून मिळवून दिली.

पाय बरा झाल्यावर ती बाई काठी टेकत ठाण्यात आली, दोघं दोन बाजूंना. बुटकी, धीट डोळ्यांची. नमस्कार करून म्हणाली, "फौजदारसाहेब, माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला." मग भावाकडे वळली. "अण्णा, तू खड्डा खणवलास?"

"तू सांगून गेली असतीस तर खणवला नसता!"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

अण्णांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले.

यावर सगळ्यांत आधी दफेदार हसले आणि मग कुणालाच आवरेना. अण्णासुद्धा हसले.

त्यानंतर बेपत्ता माणसाच्या प्रत्येक चौकशीत मी एक गोष्ट न चुकता पाहू लागलो. भांडण कुणाशी होतं, हे विचारावंच लागतं. पण त्या माणसाचं ताट अजून कोण घासून ठेवतं, त्याच्या परतण्याची धास्ती किंवा ओढ घरात कुणाला आहे, हेही पाहावं. या नजरेनं पुढे मला काही गुन्हेगार सापडले, आणि काही निरपराध माणसं सुटली. समाधान विचाराल तर दुसऱ्या गोष्टीचं अधिक.

पोलिसाच्या नोकरीत दार ठोठावून वाईट बातमी सांगण्याचे प्रसंग इतके येतात की आपली चाल पाहूनच लोक ओळखतात. शिलाँगचं उत्तर आलं त्या दुपारी स्टेशन डायरीत 'बाई जिवंत मिळून आली' असं लिहिलं, शाई वाळेपर्यंत त्या ओळीकडे पाहत बसलो, आणि कधी नव्हे तो उजेड असताना घरी गेलो.