लांबी, मोहाखालची आणि एकच पडदा

एकोडीच्या तलावाखाली जागेश्वर मेश्रामांच्या चार बांधी होत्या. बांध घालून अडवलेला धानाचा तुकडा म्हणजे बांधी. प्रत्येकीला नाव होतं. लांबी, मोहाखालची, गोटाळी आणि काठाची. पाण्याची पाळी आली की जागेश्वर पाटावर उभे राहत आणि त्यांची मुलगी धुरपता फावडं घेऊन बांधावरून पळे. एक बांधी भरत असताना दुसरीचा बांध फोडायचा, तिसरीचा बुजवायचा. शाळेत जायच्या वयातच हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

एका दिवाळीच्या सुमारास घाईत तिने भलताच बांध फोडला. पाणी शेजारच्या डोमाकाकांच्या कापून ठेवलेल्या हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानात शिरलं. सगळ्या कडपा, म्हणजे कापून पसरलेल्या धानाच्या मुठी, भिजल्या.

"कोणती फोडली वं?" जागेश्वरांनी विचारलं.

"ते... तिकडची."

"तिकडची नावाची बांधी नाही आपल्याकडं. आधी नाव घे, मंग फावडा मार."

जागेश्वर रागावले नाहीत. डोमाकाकांच्या कडपा मात्र तिलाच उलटायला लावल्या. तेव्हापासून ती मोठ्याने नाव घ्यायची. पोरं हसायची. ती घ्यायचीच.

पुढे भंडाऱ्याला राहून ती बी.कॉम. झाली. नागपूरला जाऊन संगणकाचा वर्ग केला. घरात आधी कुणी खुर्चीवर बसून नोकरी केली नव्हती. अठ्ठ्याऐंशी साली भंडाऱ्याच्या एका सरकारी कचेरीत संगणक आला आणि धुरपताला, खुशालला आणि लीलाला तात्पुरत्या नेमणुका मिळाल्या. यंत्र चाललं तर नेमणूक पुढे. नाही चाललं तर घरी.

यंत्र म्हणजे आतल्या खोलीत एक मुख्य पेटी. तिला स्वतःचा पडदा आणि कळफलक. तिथून व्हरांड्यावरून तारा गेल्या होत्या, बाहेरच्या खोलीतल्या तीन टर्मिनलांकडे, म्हणजे नुसत्या पडदा-कळफलकांकडे. सगळ्यांचं काम त्या एकाच पेटीत चाले.

थंडी सरता सरता एका दुपारी अवकाळी गारा पडल्या. व्हरांड्याजवळच्या कडुनिंबावर वीज पडली. तिन्ही टर्मिनल जळाली. मुख्य पेटी वाचली.

काम मोठं होतं. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बैठक-याद्या, तालुक्यावार. कोणत्या गावच्या मुलांनी कोणत्या केंद्रावर जायचं, ते त्या यादीवरून ठरणार होतं. नाकाडोंगरीच्या पोराचं नाव सुटलं तर तो तुमसरला येऊन दारातूनच परत जाणार.

विभागप्रमुख कृष्णरावांनी हात झटकले. "सोमवारी जीप बोलावतो. पेटी, कागद, सगळं नागपूरले. तिथं होईल काम."

"मंग आमी, साहेब?" खुशालने विचारलं.

"तुमी काय, बंद पडद्यात तोंड पाहान का?"

धुरपता म्हणाली, "साहेब, एक पडदा चालू आहे."

"एका पडद्यावर तिघं बसान का मांडीवर?"

"मी एकटी बसीन. पडदे आतून चार निघतात."

"सोमवारपर्यंत करून दाखवा," कृष्णराव म्हणाले. त्यांना ते खरं वाटलं नाही. पण खरंच निघत होते. कळफलकावर एक कळ दाबून ठेवायची आणि वरच्या ओळीतली दुसरी दाबायची. पडदा बदले, नवं दालन उघडे. आधीच्या दालनातलं काम मागे चालूच राही. एकीकडे यंत्र नावं लावत बसे, दुसरीकडे छपाई होई, तिसरीकडे धुरपता टाइप करी. लीला शेजारी बसून अर्जांवरची नावं वाचून दाखवी. खुशाल छपाईचा कागद सांभाळी आणि चूक दिसली की ओरडे.

"ताई, थांब! या गावात अर्धे पोरं लाखनीचे दिसून राहिले."

शनिवारपर्यंत नीट चाललं. मग घात झाला.

यंत्रात जागा कमी पडत होती, म्हणून साकोलीची कच्ची यादी पुसायची होती. धुरपताने पुसायची आज्ञा दिली. आज्ञा समोरच्या दालनातलंच पुसे, पण समोरचा पडदा साकोलीचा नव्हता, तुमसरचा होता. चारही दालनांत ओळीच्या सुरुवातीला तेच एक डॉलरचं चिन्ह. दिसायला सगळी सारखी. तुमसरची तयार यादी गेली. छापायची राहिलेली.

लीलाच्या हातातले अर्ज तसेच राहिले. खुशाल उठून बाहेर गेला.

कृष्णराव दारात आले. त्यांना ओरडावंही लागलं नाही. "सोमवारी सकाळी जीप येऊन राहिली," एवढंच म्हणाले.

धुरपता पडद्याकडे पाहत बसली. कोणती फोडली? तिकडची. तिला बांधावरचा चिखल आठवला, भिजलेल्या कडपा आठवल्या.

ती सरळ बसली. पहिल्या दालनात तिने डॉलरचं चिन्ह बदललं. त्या जागी रोमन अक्षरांत लिहिलं, लांबी. दुसऱ्यात मोहाखालची. मग गोटाळी. मग काठाची. आता प्रत्येक ओळ नावानेच सुरू होत होती.

"हे काय वं?" लीलाने विचारलं.

"आमच्या बांधी. लांबीत तुमसर, मोहाखालचीत साकोली. तू वाच. पहिल्या अर्जापासून."

"सगळे?"

"सगळे."

रविवारी कचेरी बंद होती. चपराशी तुलारामने किल्ली दिली आणि स्वतः दारात बसून राहिला. लीला वाचत गेली, तिचा घसा बसला, मग खुशालने वाचलं. पक्की आज्ञा देण्याआधी धुरपता दर वेळी हात उचले आणि पडद्यावरचं नाव मोठ्याने म्हणे. "लांबी." मग कळ दाबे.

"ताई, धान कधी कापाचा?" खुशालने चेष्टा केली.

"कडपा भिजवू नको म्हंजे झालं."

सोमवारी जीप आली तेव्हा गोटाळीतून भंडारा तालुका छापून होत होता आणि लांबीत तुमसरची नावं लागत होती. कृष्णराव तिच्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावरची नावं बांधींची आहेत, ते लीलाने त्यांना सांगितलं.

"मेश्रामबाई, उठा आता. ड्रायव्हर थांबला आहे."

"तुमसर होऊन राहिलं, साहेब."

"जागा कमी आहे म्हणते ना यंत्र? ते साकोलीचं जुनं पुसा आणि उठा."

तिने आज्ञा लिहिली. बोट कळेवर गेलं. साहेब मागे, जीपचा हॉर्न बाहेर. तिने हात उचलला.

"लांबी," ती म्हणाली. आणि थांबली.

साकोली मोहाखालचीत होती. तिने लिहिलेलं खोडलं, दालन बदललं, पुन्हा लिहिलं. "मोहाखालची." मग कळ दाबली.

कृष्णरावांना काय टळलं ते समजलं. शनिवारचं त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. हॉर्न पुन्हा वाजला.

"तुलाराम, त्याले चहा पाज," ते म्हणाले. "आणि जळके तीन डबे जीपमंधी टाक. दुरुस्तीले. पेटीले हात लावू नको."

तुमसरची यादी छापून निघाली. खुशालने नाकाडोंगरीचं पान शोधलं आणि बोट ठेवून नावं मोजत खाली गेला. एकही सुटलं नव्हतं.

जीप तीन जळके पडदे घेऊन नागपूरला गेली. धुरपता पेटीसमोरून उठली नव्हती. अजून गोंदिया तालुका बाकी होता.

"कोणती बांधी आता?" कृष्णरावांनी विचारलं.

"काठाची, साहेब," ती म्हणाली आणि कळ दाबली.