विश्वाचं न दिसणारं वजन आणि निकम काकांची वीस मिनिटं

निकम काका गेले आणि गेले बारा दिवस मला चहा गरमच प्यावा लागतोय.

या गैरसोयीची दाद कुठे मागायची, कळत नाही. सहा वर्षांत त्यांनी मला टपरीवर एकही कप वेळेवर पिऊ दिला नव्हता. कप तोंडाशी नेला की, "थांब, आधी हे ऐक!"

काका मूळचे सटाण्याचे. ओझरला विमानाच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. रिटायर झाल्यावर लोक देवाच्या नाहीतर डॉक्टरच्या मागे लागतात.

काका डार्क मॅटरच्या मागे लागले.

"दीर्घिकेच्या कडेचे तारे हिशेबापेक्षा फार जोरात पळतात. माप जुळत नाही. मग आमच्या इन्स्पेक्शनमध्ये काय करतात? आधी मोजायच्या मायक्रोमीटरचा झीरो तपासतात. तो बरोबर निघाला, तर माल जास्तीचा आहे! दिसत नाही, एवढंच. तेच डार्क मॅटर."

"आणि हा माल आला कुठून?"

मी टिंगल म्हणून विचारलं होतं. माणूस पेटलाच.

"स्ट्रिंग थिअरीत सगळ्याच्या मुळाशी थरथरणाऱ्या तारा. त्यांना आपल्या तीन दिशा पुरत नाहीत, जास्तीच्या लागतात. काही शास्त्रज्ञ म्हणतात, त्यातली एक मायक्रॉनभर रुंद असेल. मायक्रॉन, लेका! मिलिमीटरचा हजारावा भाग! जन्मभर मी तोच मोजला!"

टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

"विश्व जन्मलं तेव्हा भट्टीसारखं तापलेलं. त्यातली थोडी उष्णता त्या मायक्रॉनभर दिशेच्या फटीत झिरपली, तिथे गुरुत्वाकर्षणाचे कण झाले. उजेडाला तिकडे वाट नाही. वजन मात्र इकडे जाणवतं."

आनंद अनावर झाला की थेट अहिराणी: "दिसत नही, पन शे!" दिसत नाही, पण आहे.

"पुरावा?"

"अजून नाही. म्हणून तर मजा!"

त्यांना एकच हवं होतं. कॉलनीच्या वाचनालयात दर रविवारी व्याख्यान असतं, ते मी ठरवतो.

"वीस मिनिटं दे रे."

मी गुडघेदुखी लावली. मग मृत्युपत्र. मग हास्ययोग.

"लोकांना झेपणार नाही, काका."

"नाही झेपलं तर बिघडलेल्या जॉबसारखं रिजेक्ट कर, दोष माझ्या नावावर. तू तारीख तर दे."

खरं सांगतो, झेपत नव्हतं ते मला. विनोदी लेखांत जगाची टिंगल करून नाव कमावलेल्या माणसाला हे चारचौघांत दिसू द्यायचं नव्हतं.

"पुढच्या महिन्यात नक्की," म्हणालो.

तो महिना उजाडायच्या आत त्यांचं हृदय थांबलं.

काकूंनी व्याख्यानाचे कागद आणून दिले. नऊ पानं, सुबक अक्षर, एकही खाडाखोड नाही. चौथ्यांदा वाचताना ती फट मला एकदम कळली आणि मी ओरडलोच.

बायको धावत आली. "काय झालं?"

"उष्णता झिरपली!"

"गीझरची?"

"विश्वाची!"

आज सकाळी वाचनालयात मीच उभा राहिलो. सतरा माणसं. काकू पहिल्या रांगेत. वीस मिनिटांत एकानेही मोबाईल काढला नाही. जोशीबाईंनी तर विचारलं, "म्हणजे ते आत्ता या खोलीतही असेल?"

"असू शकतं, बाई!" माझा आवाज मलाच काकांसारखा वाटला.

सगळे गेल्यावर रजिस्टर उघडलं.

वक्ता म्हणून तुमचं नाव लिहिलंय, काका.

श्रोत्यांच्या यादीत पहिलं माझं.

नमस्कार.