फुलारी सरांचे दागिने

फुलारी सर चहाला कधी चहा म्हणाले नाहीत. "जरा अमृत सांगा," म्हणायचे. जिंतूरजवळच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवत, मी गणित. टपरीवरचा तो चहा पांचट, कोमट. पण सरांचं अमृत काही चहावर उतरत नसे.

मुलांना त्यांनी अलंकार शिकवले ते खुणा दाखवून. "‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा. अर्थाच्या भानगडीत पडू नका रे, पेपर राहील." माणूस मेहनती, खोटं कशाला बोलू. मार्क पडत, त्यामुळे गावात सरांचा दबदबा. कवितेविषयी त्यांचं मत एकच: "कविता म्हणजे नवरी. अंगावर दागिना नसला तर मांडवात काय शोभा?" स्वतःच्या लग्नातही हा गृहस्थ भटजीला उपमा देत बसला असेल.

सातवीतल्या सुनीताचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. ती चुलतीजवळ राहायची. तालुक्याच्या स्पर्धेसाठी तिनं लिहिलं:

माय ऊस तोडायला गेली
जुनी चप्पल दारात हाय
मी पायात घालून पाहिली
अजून मोठीच हाय

मी ती दोनदा वाचली, एक शब्दही हलवावासा वाटला नाही. सरांना मात्र नवरी बिनदागिन्याची दिसली. मधल्या सुट्टीत त्यांनी ती सजवली:

मातृचंद्रिका गेली इक्षुसागरी
पादुका जणू विरहिणी, अश्रू ढाळिती दारी

"रूपक, उत्प्रेक्षा, चेतनागुणोक्ती, सगळं बसवलं!" सर घाम पुसत म्हणाले.

"सर, ह्याच्यात माही माय कुठं हाय?" सुनीतानं विचारलं.

"अगं, चंद्रिका कोण मग?"

"चप्पल मोठी आहे, ती ओळ तेवढी राहू द्या की," मी म्हणालो.

"फार साधी हो," म्हणत त्यांनी माझ्यातल्या गणितवाल्याची कीव केली.

पहिला नंबर आला. परीक्षकही त्याच पठडीतले, दुसरं काय होणार! साखर कारखान्याचा हंगाम संपला, माय गावी आली, तेव्हा सरांनी शाळेत सत्कार ठेवला आणि कविता स्वतःच गळा काढून म्हटली. सुनीता खाली मान घालून उभी होती. माय डोक्यावरचा पदर सावरत, हात जोडून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"लय भारी हाय, सर," ती म्हणाली. "पर ह्यातली बाई कोण हाय?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस शरमेल. सर उलट खुलले. आमच्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? जिच्यावर कविता, ती दिसतच नाही. उपमेय लोपलं! याहून वरचा अलंकार नाही. वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. सुनीता मायचा हात धरून फाटकाबाहेर पडली होती.