मारबत परत आणणारा

माझ्या धाकट्या साडूला सायकल चालवता येते, हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही. तशी मलाही येते. पण मी चालवताना दिसलो की लोक गाडी हळू करून विचारतात, "काका, सोडू का कुठं?" आणि तो चालवताना दिसला की कडेनं जाणारी पोरं शिट्ट्या मारतात. धंतोलीत त्याचा हाडांचा दवाखाना आहे. अंगावर चरबी औषधाला नाही. सासरी कुठल्याही सणाला आमचे सासरे त्याच्या पाठीवर थाप मारतात आणि माझ्या पोटाकडे बघून म्हणतात, "डॉक्टरांनी तब्येत मेंटेन केली बुवा." थोरला जावई मी. पुरणपोळी पहिली मला वाढतात, आणि दुसरी घेताना सगळं घर माझ्या ताटाकडे बघतं.

तर या माणसाला मला एकदा, एकदाच, कुठंतरी आधी पोचून दाखवायचं होतं. बाकी सगळ्या घोटाळ्याचं मूळ एवढंच.

मोका पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आला. त्या दिवशी नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतींची मिरवणूक निघते. दोन मजली बायांचे पुतळे, पुढं ढोल, मागं अख्खं शहर, आणि सगळ्यांची एकच आरोळी, की रोगराई घेऊन जा गे मारबत. महाल-इतवारीत त्या दिवशी मुंगीलासुद्धा वाट मिळत नाही. म्हणून मी साडूला फोन केला, गर्दीपासून लांब जाऊ, बुटीबोरीच्या पलीकडं शेतात जुनी शिळावर्तुळं आहेत, ती बघू. लोखंड नुकतं हाती आलेल्या लोकांनी आपली माणसं पुरली आणि भोवती मोठमोठे धोंडे गोल मांडले. मी त्यावर वाचलं होतं. साडूनं वाचलं नव्हतं. पायडल त्याचं, इतिहास माझा. त्या वर्तुळाच्या मधोमध उभा राहून, तो घामाघूम येताच मी बोलायला सुरुवात करणार, असं चित्र मी आठवडाभर रंगवत होतो. घामाघूम तो होईल, हे मी कशावरून ठरवलं होतं कोण जाणे.

सकाळी नागपूरच्या टोकाला, बेसा भागातून निघालो. वारा समोरून. मी ज्या दिशेला निघतो तिथून वारा येतो, हा माझा अनुभव आहे. बुटीबोरीच्या कारखान्यांकडं जाणारे ट्रक इतके चिकटून जात होते की त्यांच्या मागं लिहिलेली शायरी मला पाठ झाली. दोन कुत्र्यांनी साडूला जाऊ दिलं आणि मला निवडलं. सीट अशी टोचत होती की माझं आणि माझ्या बैठकीचं भांडण बुटीबोरी येईपर्यंत मिटलं नाही. साडू पुढं जाई, झाडाखाली थांबे, मी पोचलो की घड्याळात आपले ठोके बघे आणि म्हणे, "आरामात, भाऊजी. आपल्याला घाई नाही." या 'आपल्याला' शब्दानं माणूस किती पेटू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

डांबरी रस्ता सोडून आत वळलो तेव्हा तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही सरळ या रस्त्यानंच या. मी गावाच्या पुढं थांबतो." आणि गेला. मी फोनवरचा नकाशा उघडला. त्यात एक पांदण दिसली, बैलबंडीची वाट, शेतांमधून तिरपी थेट गावात जाणारी. गाव ओलांडलं की वर्तुळं. म्हणजे मी आधी. मी स्वतःशीच हसलो आणि पांदणीत शिरलो.

आदल्या आठवड्याच्या पावसानं काळी माती लोण्यासारखी झाली होती. चाकांना चिकटे, चाकावरून मडगार्डात जाई, मडगार्डातून माझ्या पाठीवर. तरी रेटलं. गावाची शीव आली तिथं वाटेवर ढीग पडला होता. पळसाच्या फांद्या, झिजलेले खराटे, फुटकी मडकी, एक हात तुटलेली मातीची बाहुली. मी मनातल्या मनात गावाला स्वच्छतेवर चार शब्द सुनावले. कचरा टाकायला हीच जागा सापडली का तुम्हाला, ऐन रस्त्यात? उतरून वळसा घातला असता तर वेळ गेला असता. म्हणून ढिगातून घातली सायकल. खाडकन आवाज झाला, थोडा डुललो, पडलो नाही. याचा मला फार अभिमान वाटला. त्यानंतर सायकल जड चालायला लागली, पण ती माझ्या हाताखाली नेहमीच जड चालते.

मी नागपूरचा. जन्मात मारबत म्हणजे दोन मजली बाई पाहिलेली. खेड्यात पोळ्याला दाराशी पळसाची फांदी लावतात आणि पाडव्याच्या पहाटे तीच फांदी, घरातला खराटा, मडकं असं सगळं घेऊन आरोळ्या देत शिवेबाहेर टाकून, पाय धुऊन घरी येतात, तीच त्यांची मारबत, हे मला कुठून ठाऊक असणार? ठाऊक असायला हवं होतं. इसवीसनापूर्वीच्या धोंड्यांवर मी भाषण तयार केलं होतं.

गावात शिरलो तर हापशीवर माणसं पाय धूत होती. बाया, म्हातारे, सगळे ओल्या पायांचे. मला वाटलं, वा, काय गाव आहे, सकाळी सकाळी स्नान. हापशीसमोर एक गोठा होता. त्याच्या खांबाला सायकल टेकवली आणि म्हणालो, "नमस्कार! जरा पाणी मिळेल का?"

सगळे माझ्याकडं नाही, माझ्या मागं बघत होते. मग एक म्हातारी तोंडावर पदर धरून ओरडली, "अवं माय वं! यानं तं वापस आणली!"

मी वळून बघितलं. सायकलच्या मागच्या पिशवीच्या पट्ट्यात एक मोठी पळसाची फांदी अडकली होती. फांदीत खराटा, खराट्यात ती बाहुली. शिवेपासून गोठ्यापर्यंत ओल्या चिखलात सरळ रेघ ओढली गेली होती.

गोठ्यातून एक माणूस बाहेर आला. माझ्याच वयाचा, हातात हळद आणि कडुनिंबाच्या पाल्याचं पातेलं. मागं दावणीला दोन बैल. एकाच्या शिंगांना कालचा रंग, बेगड, गळ्यात माळ. दुसऱ्याच्या अंगावर काहीच नाही. मान आणि खांद्यावर गाठी, त्यावर पिवळा लेप, डोळे खाली. त्या माणसानं बैलाकडं पाहिलं, मग खांबाला टेकलेल्या फांदीकडं, मग माझ्याकडं.

"काहून आला बे तू?"

मी म्हणालो, "शिळावर्तुळं बघायला."

"काय पाहाले?"

"ते गोल धोंडे. शेतातले."

"धोंडे पाहाले आला," तो गावाला म्हणाला, "आन माह्या गोठ्यात मारबत आणून टाकली."

मग सगळं गाव एकदम बोलायला लागलं. त्यातून मला कळलं ते असं, की पंधरा दिवस गावात लम्पी होती. बाजूच्या घरची गाय गेली होती. याच्या बैलाचा आजार उतरणीला लागला होता, पण बैल अजून धड खात नव्हता. काल पोळ्याला तोरणाखाली सगळ्यांच्या जोड्या उभ्या होत्या आणि हा एकटा एका बैलाचा कासरा धरून उभा होता. पहाटे सर्वांत पुढं आरोळी देत तोच गेला होता, तोच आजार बाहेर टाकून आला होता. आणि आता तो आजार, पट्ट्यात अडकवून, त्याच्या दावणीपर्यंत मी पोचता केला होता.

शहाण्या माणसानं इथं हात जोडले असते. मी माहिती दिली.

"हे बघा भाऊ," मी म्हणालो, "लम्पी हा विषाणू आहे. तो फांदीतून येत नाही. तो माशा आणि गोचिडांमुळं पसरतो."

"मंग माशाच तं टाकून आलो होतो ना बाहेर!" तो ओरडला. "माशा, गोचिड, ढेकूण, सगळ्याले नावं घेऊन टाकलं. तू बसवून आणलं त्याले, डबलसीट!"

गाव हसलं. त्यात मला आशा दिसली आणि मीही हसलो. तो नाही हसला. त्यानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "हा बैल गेला तं रब्बी कशानं पेरू गा मी? तुह्या सायकलनं?"

नेमका त्या क्षणी साडू आला. रस्त्यानं, सरळ, कपड्यांवर एक डाग नाही. गर्दी बघून उतरला, रीतसर रामराम केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी यांना सांगितलं होतं, रस्त्यानं या म्हणून." नातं विचारल्यावर म्हणाला, "साडू आहेत. थोरले." त्या 'थोरले'वर गावानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, तीच नजर मी सासऱ्यांच्या घरी ओळखतो.

म्हातारीनं निवाडा दिला. ज्यानं आणली त्यानंच न्यायची. हातानं ओढत न्यायची, शिवेपलीकडं टाकायची, मागं वळून पाहायचं नाही, आणि आज पुन्हा गावात पाय ठेवायचा नाही.

"पण वर्तुळं गावापलीकडं आहेत," मी म्हणालो.

"मंग नाही पाहाची," म्हातारी म्हणाली.

असा मी निघालो. एका हातात फांदी, फांदीत खराटा, खराट्यात बाहुली. मागं अख्खं गाव. दोन्ही सायकली ओढत साडू. पहिली आरोळी बैलवाल्यानं दिली, "लम्पी घेऊन जाय गे मारबत!" मग एकेकानं आपापलं काढलं. खोकला, खरूज, डास, उंदीर, सोयाबीनवरची अळी. कोणी सरपंचाचं नाव घेतलं, कोणी जावयाचं. सगळं माझ्या पाठीवर. आणि त्या गोंगाटात मला एक आवाज ओळखू आला. डॉक्टर. घसा फोडून, पदव्या विसरून: "घेऊन जाय गे मारबत!" मागं पाहायची बंदी होती म्हणून तो वाचला.

शिवेवर मी फांदी टाकली. मागून बैलवाल्याचा आवाज आला. "तुहा नंबर सांग."

"कशाला?"

"बैलाले काही झालं तं तुले सांगीन. तुले माहीत पाहिजे."

मी गावाकडं पाठ करून आकडे ओरडून सांगितले. साडूनं माझी सायकल माझ्या हातात दिली. तोही बाहेरच आला होता. सोबत निघालो तर सोबत परतू, म्हणाला. मला त्याचा आणखी राग आला.

मी अंधश्रद्धाळू नाही. हे मी बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं आणि नंतर फोन उशाशी घेऊन झोपलो. दुसऱ्या सकाळी बैलवाल्याचा फोन. "बैल बसला. उठून नाही राहिला." बस्स, ठेवला. मी दिवसभर कामात आकडे चुकवले. ओळखीच्या एका जनावरांच्या डॉक्टरला विचारलं, त्यानं सांगितलं की या आजारात असं होतं, चढउतार असतात, फांदीचा काय संबंध. मी म्हणालो, तेच तर मी म्हणतोय. आणि त्याला गाडीत घालून त्या शिवेपर्यंत नेलं. मी शिवेवरच बसून राहिलो, तो आत जाऊन सुया देऊन आला.

"काय म्हणाला मालक?" मी विचारलं.

"म्हणाला, बाहेर बसलेल्याला आत येऊ देऊ नका."

नंतर रोज सकाळी मी फोन करायचो. "कसा आहे?" "आहे." "खाल्लं काही?" "तुले काय कराचं?" एकदा म्हणाला, "तू फोन केला की तो मान खाली घालते." मी दोन दिवस फोन केला नाही. मग तोच ओरडला, "मेला का गा तू?"

एका सकाळी त्याचा आवाज वेगळा होता. "जुंपला आज. दोन तास चालला."

मी म्हणालो, "अरे वा! मग आता मी येऊ का, भाऊ? ते धोंडे बघायला?"

पलीकडं बैलांची घुंगरं वाजली.

"नको," तो म्हणाला. "तुह्या साडूले पाठव. मानूस बरा आहे थो."

रविवारी साडू गेला. दुपारी फोटो आला: मोठमोठ्या धोंड्यांचं वर्तुळ, मधोमध साडू, हात पसरून, नेमक्या त्या जागी जिथून मी बोलणार होतो. बाजूला बैलवाला आणि बैल. खाली लिहिलं होतं, 'भाऊजी, यांची माहिती पाठवा ना, मला काहीच ठाऊक नाही.' मी उत्तर दिलं नाही. फोटो मोठा केला, साडूला कडेला सरकवलं आणि बैलाचं तोंड पडद्यावर आणलं. जबडा एका बाजूला गेलेला, ओठातून कडब्याची काडी बाहेर. खात होता.